बाबांना ३० शेक सांगितलेत : आत नेमकं काय होतं, आणि सोंगणीसाठी आठ दिवस खाडा चालेल का?

धुऱ्यावरचा | शनिवार, रात्री ९:५०

राम राम मंडळी. आमचं गाव आर्णी तालुक्यात. बाबा ५८ वर्षांचे, तीस वर्षांचा तंबाखू-सुपारीचा खर्रा. उजव्या गालात आतून कॅन्सरची गाठ निघाली. पोळ्याच्या आधी नागपूरला ऑपरेशन झालं, मानेतल्या गाठीही काढल्या. आता ३० शेक (म्हणजे रेडिओथेरपी, किरणांचा उपचार) सांगितलेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक, म्हणजे सहा आठवडे. १२ झाले. फुले योजनेत बसलं, त्यामुळे पैशाचं निभावलं. आई-बाबा तिथंच धर्मशाळेत राहतात, मी शनिवारी जाऊन येतो.

आता सोयाबीन सोंगणीला आलं आहे. बाबा म्हणतात, "तोंडात थोडं चरचरते, बाकी मले काही नाही. आठ दिवस घरी येतो, सोंगणी-मळणी करून जातो. तीसच मारायचे न? मंग आठ दिवसांनी मारले तर काय बिघडते?" डॉक्टर 'अजिबात नाही' एवढंच म्हणाले. का नाही ते सांगायला वेळ नव्हता, बाहेर पन्नास माणसं बसली होती. त्यांचीही चूक म्हणत नाही. पण बाबांना 'का' कळल्याशिवाय ते ऐकायचे नाहीत.

दुसरं, गावात कोणी सांगितलं की शेक घेतलेल्या माणसाच्या अंगातून किरणं निघतात. बहिणीने घाबरून नातीला भेटायला आणलंच नाही. बाबा बोलत नाहीत, पण लागलं त्यांना.

आणि शेक म्हणजे आतून भाजतात का? आईचा रोजचा प्रश्न आहे हा.

गावची_आशा | रात्री १०:१५

नातीला उद्याच घेऊन जा भाऊ. मशीनसमोर झोपून शेक घेणाऱ्याच्या अंगात काही राहत नाही. आमच्या गावात एका काकूंची ताटवाटी वेगळी केली होती घरच्यांनी. मी दोनदा जाऊन भांडले तेव्हा कुठे सगळ्यांसोबत जेवायला बसवलं.

एसटीत आणि रेल्वेत कॅन्सर पेशंटला सवलत असते. दवाखान्यातून सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र घेतलं नसेल तर घ्या.

जाळीवाला | रात्री ११:३०

मी रेडिओथेरपी विभागात तंत्रज्ञ आहे, विदर्भातच. डोकं हलू नये म्हणून रोज पेशंटांच्या तोंडावर ती प्लास्टिकची जाळी बसवतो, त्यावरून हे नाव. डॉक्टर नाही, तेव्हा औषधगोळीचं मला विचारू नका.

आईंच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण निम्मा गोंधळ 'शेक' या शब्दानेच घातला आहे. आपल्याकडे कोणी शेक म्हणतं, कोणी लाईट, कोणी करंट. बाबांना रोज २ ग्रे डोस मिळत असणार, ३० दिवसांचे ६० ग्रे. ऑपरेशननंतर गालाला साधारण एवढाच देतात. एक ग्रे म्हणजे एक किलो मांसात मुरलेली एक ज्यूल ऊर्जा. २ ग्रेने त्या जागेचं तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाएवढंही वाढत नाही. चहाचा एक घोट गालाला याच्या कितीतरी पट तापवतो. भाजणं नाहीच. पुढे कातडी काळवंडते, सोलते, ती भाजल्यासारखी दिसते एवढंच.

मग एवढ्याशा ऊर्जेने पेशी मरते कशी? उष्णता सगळीकडे सारखी पसरते, तसे हे किरण पसरत नाहीत. ते एकेका रेणूला गाठून तोडतात. पेशीत मुख्यतः पाणी, त्यामुळे किरणाची पहिली गाठ बहुतेक वेळा पाण्याशीच पडते. पाण्याचा रेणू फुटतो आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा तुकडा सुटतो. हा इतका भांडखोर की पापणी लवायच्या कितीतरी आधी शेजारचा डीएनए फोडून मोकळा होतो. एक्स-रेने होणाऱ्या नुकसानापैकी दोन तृतीयांश असं पाण्याच्या वाटेने होतं, बाकीचं थेट. डीएनए दोन पदरी असतो. एका ग्रेला एका पेशीत त्याचा एक पदर हजारेक ठिकाणी तुटतो. पेशी समोरचा पदर बघून तो सांधून घेते, त्यात तिला विशेष वाटत नाही. पण २० ते ४० ठिकाणी दोन्ही पदर एकाच जागी तुटतात. सांधायला नमुनाच उरत नाही. मारतात ते हे तुकडे.

नातीबद्दल आशाताईंनी सांगितलंच. टॉर्च विझवला की भिंत उजेड धरून ठेवत नाही, तसं आहे. अंतर पाळायला सांगतात ते थायरॉइडच्या कॅन्सरला किरणोत्सारी आयोडिन पाजतात तेव्हा, कारण तिथे औषधच पोटात जातं. गावात कोणीतरी तेच ऐकून इकडे चिकटवलेलं दिसतं.

खाड्याचं उद्या लिहितो. थोडक्यात उत्तर डॉक्टरांनी दिलं तेच.

मळणीयंत्र | रविवार, सकाळी ६:४०

जाळीवाले भाऊ, मस्त समजावलं. म्हणजे तणनाशकासारखं म्हणा न. पान पिवळं पडते, मग जळते.

जाळीवाला | सकाळी ८:०५

तणनाशकापेक्षा जवळचं उदाहरण तुमच्या घरच्या कोठीत आहे. सोयाबीनचं बियाणं थ्रेशरमधून जास्त फेऱ्यांवर काढलं, पोती उंचावरून आदळली, की काय होतं? दाणा दिसायला टपोरा, पिवळाधमक. आतला अंकुर मात्र दुखावलेला. पेरलं की उगवत नाही. म्हणूनच आपण पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघतो.

किरण लागलेली कॅन्सरची पेशी अशीच असते. त्या दिवशी मरत नाही. जिवंत असते, खाते, पिते. विभागायची वेळ आली, तुटक्या डीएनएची नक्कल करायला गेली, की तिथे फसते. काही पहिल्याच विभागणीत मरतात, काही दोन-तीन पिढ्या काढून. म्हणून शेक संपल्यावरही पुढे कित्येक आठवडे परिणाम चालू असतो.

यातूनच तोंडाचं कोडं सुटतं. १९०६ साली फ्रान्समध्ये बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या दोघांनी नियम मांडला, की जी पेशी जास्त वेगाने विभागते तिला किरण जास्त लागतात. कॅन्सर वेगाने विभागतो, म्हणून मरतो. तोंडाच्या आतलं अस्तरही सतत नवं होत असतं, म्हणून तेही सोलतं. वरचा थर रोज झिजतो आणि खालून नवा येत नाही. दोन आठवडे जुना माल पुरतो, मग उघडं पडतं. बाबांना बाराव्या शेकाला चरचर सुरू झाली ती अगदी वेळेवर.

मळणीयंत्र | सकाळी ८:२०

अरे बापा! या वर्षी माझी उगवण साठ टक्केच आली होती, चांगलंच लक्षात राहील.

निवृत्त_गणित | सकाळी ११:००

जिल्हा परिषद शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलं. जाळीवाले, एक हिशेब मांडतो, चुकलो तर कान धरा. कुठेतरी वाचलं होतं की एक ग्रॅम गाठीत अंदाजे १०० कोटी पेशी असतात. समजा रोजच्या डोसाला निम्म्या मरतात. निम्म्याचे निम्मे, त्याचे निम्मे, असं ३० वेळा केलं तर भागायचं किती ने? २ चा ३० वा घात, म्हणजे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४. शंभर कोटीला याने भागलं की उरली एक पेशी, तीही धड नाही. विसाव्या दिवशी थांबलात तर उरतात सुमारे ९५४. हा ३० चा आकडा डॉक्टरांनी हवेतून काढलेला नाही तर!

जाळीवाला | दुपारी १:४५

सर, दंडवत. २ ग्रेला निम्म्या पेशी वाचतात हे आमच्या पुस्तकातलं नेहमीचं उदाहरण आहे. प्रत्यक्षात गाठीगाठीत फरक असतो, आणि ऑपरेशननंतर दिसणारी गाठ उरलेली नसते. पण न दिसणाऱ्या काही पेशी उरल्या असू शकतात आणि परत यायला एवढ्याच पुरतात.

आता खाडा. तुमच्या हिशेबात एक गोष्ट राहिली : उरलेल्या पेशी स्वस्थ बसत नाहीत. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या पेशी विभागायचा वेग वाढवतात. रोजच्या डोसातला काही भाग मग नुसती ही वाढ भरून काढण्यातच जातो. ढोबळ हिशेब असा, की उपचार जितके दिवस लांबतील तितके दर दिवशी गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता एखाद्या टक्क्याने घटते. आठ दिवसांचे आठ टक्के. निंदण अर्ध्यात सोडून पावसाच्या उघडिपीत लग्नाला गेलात, तर परत आल्यावर पहिल्या तासापासूनच निंदावं लागतं, तसं काहीसं. फक्त इथे तण पहिल्यापेक्षा चेकाळलेलं असतं. बाबांचे १२ झालेत, म्हणजे ते ज्या आठवड्यात घरी यायचं म्हणतात तोच सगळ्यात वाईट.

कोणी उलटं विचारेल, मग सगळं एकाच दिवशी का देत नाही? मेंढ्यांवरून कळलं ते. १९२० च्या दशकात पॅरिसला क्लोद रेगो याने मेंढ्याच्या अंडकोषावर किरण टाकून बघितले. एका दमात मेंढा निर्बीज करायला गेलं की वरची कातडी जळून जायची. तोच डोस काही दिवसांत वाटून दिला तर मेंढा निर्बीज व्हायचा आणि कातडी टिकायची. धडधाकट पेशीची दुरुस्तीची यंत्रणा शाबूत असते, सहाएक तासांत ती बहुतेक तुटी सांधते. कॅन्सरच्या पेशीची दुरुस्ती बहुधा मोडकी असते. रोज थोडं मारायचं, रात्री आपल्या पेशीला डागडुजी करू द्यायची, सकाळी परत.

कोठारातली_घूस | दुपारी २:३०

आमच्या इकडे दिवसातून चार वेळा लाईन जाते. शेक चालू असताना गेली तर? अर्धाच डोस?

जाळीवाला | दुपारी २:४०

लिनॅक, म्हणजे आजचं किरणांचं मशीन, विजेवर चालतं, वीज गेली की किरण त्याच क्षणी बंद. किती गेला ते मोजलेलं असतं, उरलेला नंतर देतात. कोबाल्टच्या मशीनमध्ये किरण सोडणारा धातूच असतो, हा स्रोत कायम जिवंत असतो, तो वीज गेली की शिशाच्या घरात परत जातो. कोबाल्ट सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, म्हणून जुन्या स्रोताखाली पेशंटला जास्त वेळ झोपावं लागतं. लोकांना वाटतं डोस वाढवला. नाही.

शंकासुर | दुपारी ४:१०

सगळं ठीक आहे. पण किरणांनीच कॅन्सर होतो हेही शास्त्रज्ञच सांगतात. मेरी क्यूरी त्यानेच गेल्या. हिरोशिमाचं सगळ्यांना माहीत आहे. मग ज्याने रोग होतो त्यानेच बरा कसा होणार? माझ्या मते गोमूत्र आणि

(प्रतिसादाचा उर्वरित भाग संपादित. औषधांचे दावे या विभागात नकोत. – संपादक)

जाळीवाला | संध्याकाळी ७:३०

प्रश्न चांगला आहे, शेपटीचं सोडून देतो. हो, होतो. क्यूरीबाई १९३४ साली गेल्या त्या रक्त तयार करणारी मज्जा निकामी होऊन. बेक्वेरलने १९०१ साली रेडियमची नळी जाकिटाच्या खिशात ठेवली आणि पोटावर भाजल्यासारखी जखम झाली, तीही काही दिवसांनी. किरणोपचाराची कल्पना अशाच जखमांवरून सुचली.

दोन्ही गोष्टींचं मूळ त्या दुहेरी तुटीत आहे. पेशी मेली तर प्रश्न मिटला. पण वाचली आणि सांधा चुकीचा बसला, तर पुढे दहा-वीस वर्षांनी तीच बिघडू शकते. मोठ्या डोसाखालच्या पेशी बहुतेक मरतातच. कडेने थोडा डोस लागलेल्या पेशींत हा धोका उरतो. तो असतो, पण लहान. आणि समोर आज असलेला रोग आहे. अठ्ठावन्नच्या माणसाला आणि आठ वर्षांच्या पोराला हा हिशेब वेगळा लागतो, म्हणून लहान मुलांना शक्यतो किरण टाळतात.

आणि संपूर्ण अंगावर एका वेळी ४-५ ग्रे पडले, उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. बाबांना ६० मिळून ते धर्मशाळेत शेताचे हिशेब करतात, कारण डोस तळहाताएवढ्या जागेत आहे आणि वाटून दिला आहे.

खर्रामुक्त | रात्री ९:२०

धुऱ्यावरचे भाऊ, सात वर्षं झाले, मी ३३ घेतले. जिभीच्या कडेले होतं. तुमच्या बाबाले सांगा का तिसरा आठवडा म्हणजे काहीच नाही. खरं चौथ्या-पाचव्यात समजते. माह्यं तोंड आतून पांढरं-लाल सोललं होतं, थुका गिळाले डोळ्यात पाणी ये. भिवापुरी मिरची तं सोडाच, वरणातलं मीठ लागे. नागपूरले राहून संत्र्याची एक फोड तोंडात टाकता आली नाही, बोला! मायनं ज्वारीची आंबील पातळ करून, गार करून देल्ली. त्यावर दीड महिना काढला. तरी वजन ११ किलो उतरलं, जाळी ढिली झाली, मंग नवीन जाळी अन् नवीन सीटी. म्हणून नाकातून नळी घाला म्हटलं तं घालून घ्या. मी अकडून बसलो होतो, चूक केली.

अन् शेवटचा शेक झाला का पेढे वाटू नोका लगेच. त्याच्या बाद दोन हप्ते आणखी वाढलं, मंग हळूहळू उतरलं.

थुका मात्र गेला तो गेलाच. अजूनही खिशात पाण्याची शिशी असते. भाकर कोरडी गिळता येत नाही, ताकात कुस्करून खातो. चव सहा महिन्यांनी आली, पहिले गोड आलं का आंबट ते आठवत नाही.

दोन गोष्टी मले कोणी सांगतल्या नव्हत्या. एक, तोंड उघडाची कसरत. खर्रेवाल्याचं तोंड आधीच दोन बोटं उघडते, शेकानं आतलं मांस आणखी आखडते. आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातात धरून रोज एक-एक काडी वाढवाची. मी आळस केला, आता दीड बोटच उघडते. दुसरं, दात. शेक झाल्यावर दोन वर्षांनी दाढ दुखली, तालुक्याले एका दवाखान्यात उपटून घेतली. त्याईनं विचारलं नाही, म्या सांगतलं नाही. जखम भरेच ना. वर्षभर जबड्याचं हाड उघडं होतं, पू ये. शेवटी हाडाचा तुकडा काढावा लागला.

दातकोरणं | रात्री १०:००

मी दंतवैद्य, वर्धा जिल्हा. खर्रामुक्त भाऊंचं झालं ते फार पाहतो. शेक लागलेल्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होत जातात. दात आहे तोवर हाड कसंबसं निभावतं, उपटला की जखम भरायला लागणारं रक्तच पोचत नाही. हा धोका वर्षं गेली म्हणून संपत नाही. वाईट दात शेक सुरू होण्याच्या दोनेक आठवडे आधी काढायचे असतात. आता सुरू झालाय, तर काढणं नाही. मऊ ब्रश, फ्लोराइड, आणि पुढे आयुष्यभर कोणत्याही दातवाल्याकडे गेलात की पहिलं वाक्य 'गालाला शेक झालाय'. लाळ आटल्यावर दात हिरडीजवळ किडतात, लाळ हीच दातांची राखण असते.

वर्धेकाठची | रात्री १०:२५

एक शंका. जाळीवाल्यांनी म्हटलं की भरभर विभागणाऱ्या पेशींना जास्त लागतं. लाळग्रंथीच्या पेशी तर हळू विभागतात ना? मग लाळ का आटते, तीही पहिल्या आठवड्यातच?

जाळीवाला | रात्री ११:१०

नियमाला पकडलंत. लाळेच्या पातळ पाण्याचा भाग करणाऱ्या पेशी या अपवाद आहेत. त्या विभागायची वाट न बघता थेट मरतात, का ते पूर्णपणे सुटलेलं कोडं नाही. म्हणून आधी पातळ लाळ आटते आणि उरते ती तार सुटणारी चिकट. नव्या मशीनवर कानाखालची मोठी ग्रंथी, निदान दुसऱ्या बाजूची, वाचवायचा प्रयत्न करतात. तिच्यावरचा सरासरी डोस २६ ग्रेच्या खाली ठेवला तर लाळ बऱ्यापैकी परत येते. मणक्यातल्या मज्जारज्जूला ४५-५० च्या वर जाऊ देत नाहीत. तिथे चूक झाली तर माणूस लुळा पडतो, म्हणून ती जाळी इतकी घट्ट असते. बाबांना गुदमरल्यासारखं होत असेल तर हात वर करायला सांगा, आम्ही कॅमेऱ्यातून बघत असतो.

धुऱ्यावरचे भाऊ, आणखी दोन. बाबांनी खर्रा सोडलाय ना खरंच? बिडी? धुराने रक्तातला प्राणवायू घटतो, आणि प्राणवायू नसेल तर डीएनएची ती तूट पक्की होत नाही, पेशी सांधून घेते. अगदी गुदमरलेली पेशी मारायला अडीच-तीन पट डोस लागतो. हिमोग्लोबिन तपासतात ते याचसाठी. दुसरं, गालाला हळद, चुना, खोबरेल काही लावायचं नाही. मानेला कडक कॉलर नको, ऊन नको.

धुऱ्यावरचा | रात्री ११:४०

काय बोलू मंडळी. सरांचा हिशेब कागदावर उतरवून घेतला, उद्या फोनवर वाचून दाखवतो. खर्रा सोडलाय. बिडीचं आईला विचारतो.

धुऱ्यावरचा | साडेतीन आठवड्यांनंतर, मंगळवार

उशीर झाला लिहायला. २९ झाले. बाबा आले नाहीत सोंगणीला. फोनवर सगळा हिशेब ऐकून घेतला, सरांचे ९५४ ऐकल्यावर म्हणाले, "म्हंजे हे ९५४ जणं माह्या गालात बसून सोयाबीन सोंगून राहिले असते." बिडी होती, आईने पकडली. दसऱ्याला मशीन बंद होतं, तो एक शनिवारी देऊन भरला. सोयाबीन मजुरांकडून सोंगलं, एकरी साडेतीन क्विंटल, त्यावर बोलत नाही.

बहीण मुलीला घेऊन गेली होती. मांडीवर तासभर बसली. चौथ्या आठवड्यात नळी घातली, खर्रामुक्त भाऊंमुळे भांडण न करता घातली. वजन चार किलोच उतरलं, जाळी तीच चालली. काड्या चालू आहेत, २४ वर आहेत. रात्री झोप लागत नाही, तोंडातून तार सुटते, बोलताना त्रास. उद्या शेवटचा.

एक विचारायचं राहिलं. उजव्या गालाची दाढीच येत नाही, डावी येते. वस्तरा बंद आहे, धर्मशाळेसमोरचा न्हावी मशीन फिरवतो आणि निम्मेच पैसे घेतो. बाबा विचारतात, परत येईल का?

जाळीवाला | बुधवार, सकाळी ७:१५

६० ग्रेखालची बहुतेक येत नाही, आली तरी विरळ. न्हाव्याशी भाव कायमचा ठरवून टाका.